चोरबाजारातली रात्रीची दुर्बीण: जर्मन की रशियन? ओळख पटवायला मदत हवी

खटपट्या दादरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुने कॅमेरे खोलायचा, आणि जमलं तर परत जोडायचा, माझा नाद इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. या शुक्रवारी मटण स्ट्रीटवर एका ओळखीच्या दुकानदाराने गोणपाटातून एक नळकांडं बाहेर काढलं. "साहेब, हिटलरच्या टायमाचं आहे, जर्मन, अंधारात दिसतं." घासाघीस करून घेतलं. किंमत विचारू नका, घरी सांगितलेली आकडेवारी वेगळी आहे.

वर्णन देतो. लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन किलोच्या थोडं वर. हिरवट करडा रंग, कडांना उडून खालचं अ‍ॅल्युमिनियम दिसतंय. पुढे मोठं भिंग, त्यावर झाकण. मागे रबरी आयकप, चिरा पडलेला. खाली डावीकडे एक लांब खाच असलेली पकड आणि तिला दाबायची मूठ. एका बाजूला बॅटरीचं गोल झाकण, आतला स्प्रिंग गंजलेला. वर आकडे कोरलेला एक फिरता ड्रम. दिवा किंवा दिव्याची जागा कुठेच नाही. अजून चालू करून बघितलेलं नाही.

हे नक्की काय आहे? दुसऱ्या महायुद्धातलं असू शकतं का?

बाळ्या गिरगाव

चोरबाजारात हिटलरच्या टायमाचं नाही असं काही मिळतं का? माझ्याकडे तिथूनच घेतलेलं हिटलरच्या टायमाचं कॅल्क्युलेटर आहे. (हलकेच घ्या.)

भिंगवाला

चालू केलं नाहीत हे उत्तम केलंत. ओळख पटेपर्यंत बॅटरी घालू नका आणि उजेडात तर मुळीच नको.

तुम्ही शेवटी सहज लिहिलेलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: दिवा नाही. महायुद्धातली रात्रीची दुर्बीण स्वतः अंधारात बघू शकत नव्हती. तिला आपला अदृश्य टॉर्च सोबत न्यावा लागायचा. दिव्यापुढे गडद काच, त्यातून फक्त इन्फ्रारेड बाहेर पडणार, समोरून परतलेलं इन्फ्रारेड नळीतल्या फोटोकॅथोडवर पडून तिथून इलेक्ट्रॉन सुटणार, ते काही हजार व्होल्टने ओढून मागच्या हिरव्या पडद्यावर आपटणार. फोटोकॅथोड चांदी, ऑक्सिजन आणि सीझियमचा, ज्याला एस-१ म्हणतात. तो इन्फ्रारेड पकडतो पण एकूण आळशी, म्हणून दिव्याशिवाय निरुपयोगी. हल्ली या प्रकाराला जनरेशन झिरो म्हणतात.

जर्मनांचं ते प्रसिद्ध यंत्र म्हणजे झीलगेरेट १२२९, टोपणनाव वाम्पीर. १९४५ च्या सुरुवातीला स्टुर्मगेवेअर ४४ रायफलवर बसवून वापरलं. वर मोठा दिवा, आणि बॅटरीचं ओझं सैनिकाच्या पाठीवर. तुमच्या नळकांड्याची बॅटरी त्याच्याच पोटात आहे. जर्मन हा मुद्दा इथेच निकालात निघतो. त्यातून ते बनलेच काही शे. जे उरले ते म्युझियमच्या काचेआड आहेत, मटण स्ट्रीटच्या गोणपाटात येणार नाहीत.

आता पुढचं सांगा. अंगावर अक्षरं कोरलेली आहेत का? इंग्रजी वाटत नसली तरी चालेल, जशी दिसतात तशी वर्णन करा. आकडे सगळे लिहा. आणि ड्रमवर काय आहे?

इतिहासवेडा

भिंगवाला साहेब, इतक्या घाईने जर्मन नाही म्हणू नका. युद्धानंतर जर्मन माल जगभर फिरला. दिवा निखळला असेल. माझ्या मते पाठीवरच्या बॅटरीऐवजी नंतर कोणीतरी बदल करून बॅटरी आत घातली असेल.

भिंगवाला

इतिहासवेडा, दिवा निखळला तर दिव्याची बैठक, बोल्टची भोकं, तारेचं सॉकेट मागे राहतं. धागाकर्त्याने तसं काही लिहिलेलं नाही. आणि मुंबईत महायुद्धातलंच काही सापडायचं असेल तर ते ब्रिटिश असण्याची शक्यता जास्त. त्यांचा टॅबी नावाचा इन्फ्रारेड रिसीव्हर होता, आत सीव्ही-१४८ ही नळी. तो आरमाराने आणि कमांडोंनी वापरला. हाय व्होल्टेजसाठी आत झांबोनी पाइल म्हणजे कागदाच्या हजारो पातळ चकत्यांची रास, जी बारीकसा प्रवाह वर्षानुवर्षं देत राहते. टॅबी हातात धरायचं यंत्र, त्याला रायफलची पकड नसते. युद्धानंतर ब्रिटनमध्ये ते सरप्लसमध्ये स्वस्तात विकले गेले. गोणपाटातून तसलं काही निघालं असतं तर मी टॅक्सी करून आलो असतो.

खटपट्या दादरकर

भिंगाखालची माती ओल्या कपड्याने पुसली, अक्षरं निघाली. चार आहेत. पहिलं इंग्रजी एचसारखं. दुसरं सीसारखं. तिसरं दाराच्या चौकटीसारखं, खालची पट्टी नसलेलं. चौथं वायसारखं.

त्याच्या बाजूला लहान अक्षरात एक आकडा: १, मग तीच चौकट, मग एच, मग ३४. त्याखाली आणखी एक नंबर, ८१ ने सुरू होतो. पूर्ण नंबर इथे टाकत नाही.

दिव्याची भोकं, बैठक, सॉकेट काहीही नाही. ड्रमवर १ ते १० आकडे आणि बाजूला दोन अक्षरं, पहिलं ए, दुसरं के.

भिंगवाला

झालं. एच म्हणजे रशियनमधला न, सी म्हणजे स, चौकट म्हणजे प, वाय म्हणजे उ. एन-एस-पी-यू. तुमच्या हातात सोव्हिएत एनएसपीयू आहे, आणि १ पीएन ३४ हा त्याचा अधिकृत निर्देशांक.

सोव्हिएत लष्कराचं तोफखाना आणि क्षेपणास्त्र संचालनालय प्रत्येक वस्तूला असा क्रमांक द्यायचं, रात्रीच्या उपकरणांना १ पीएन. त्यामुळे नळ्या दिसायला कितीही सारख्या असल्या तरी आकडा निर्णय देतो. १ पीएन २२ म्हणजे आरपीजी-७ रॉकेट लाँचरची पीजीएन-१. ३४ म्हणजे एनएसपीयू. ५८ म्हणजे तिचीच सुधारलेली धाकटी बहीण एनएसपीयूएम. ५१ म्हणजे एनएसपीयू-३, ती पुढच्या पिढीची.

एनएसपीयू १९७० च्या दशकातली. वाढ साडेतीन पट, दृष्टिक्षेत्र पाच अंश, वजन दोन किलोच्या थोडं वर, तुमच्या काट्याने खरंच सांगितलं. तिच्या आधी सोव्हिएतांकडे एनएसपी-२ होती, ती मात्र दिवेवाली: वर मोठा इन्फ्रारेड दिवा, कंबरेला बॅटरी. कोणी फक्त एनएसपी एवढं वाचून तुम्हाला १९५० च्या दशकातली म्हणाला तर दिवा कुठे आहे ते विचारा.

खाली डावीकडची पकड म्हणजे कलाश्निकोव्हच्या डाव्या अंगाला असलेल्या रेल्वर सरकवायची. अशी रेल् असलेल्या रायफलच्या नावाला शेवटी एन लावायचे, एकेएमएन, एसव्हीडीएन वगैरे. ड्रमवरचं ए-के त्याच घराण्याचं, वेगळ्या हत्यारासाठी ड्रमची पट्टी बदलायची सोय होती.

नंबरचे पहिले दोन अंक: सोव्हिएत ऑप्टिक्सवर बहुतेक वेळा ते निर्मितीचं वर्ष असतं. म्हणजे १९८१. मूळ हिरवा पत्र्याचा डबा आणि सोबतची पुस्तिका मिळाली असती तर तिच्यात हाच नंबर शाईने लिहिलेला असता. पुस्तिकेवरचा नंबर जुळला नाही तर संच कुठून कुठून गोळा केलेला.

इतिहासवेडा

+१. पण दुकानदाराचं चुकलं नाही हो, जर्मनीत सोव्हिएत फौजा होत्याच की १९८१ मध्ये.

बाळ्या गिरगाव

हाय काय, नाय काय.

फौजी (निवृत्त)

वाचनखूण साठवली. दोन गोष्टी माझ्याकडून.

पहिली. आपल्या फौजेच्या मालावर ब्रॉड अ‍ॅरो असतो, म्हणजे तीन रेघांचं बाणाचं टोक आणि बरोबर आय. इंग्रजांच्या काळापासूनचा. पूर्वीच्या ब्रिटिश मालावर नुसता बाण. तो सापडला, किंवा कोणत्या डेपोचा स्टेन्सिल सापडला, तर इथे लिहू नका. आधी कुठून आला ते दुकानदाराकडून लेखी घ्या. नाइट व्हिजन हा फौजेत नंबर टिपून, सही घेऊन हातात दिला जाणारा माल. कंडम झाला तरी बोर्ड बसतो, कागद होतात. आमच्या काळात एखादं उपकरण हरवलं की युनिटमध्ये कोणाला झोप नसायची.

दुसरी. ही यंत्रं आमच्या हातात यायच्या आधी डोळ्यांवरच भागवायचं. अंधारात अर्धा तास थांबल्याशिवाय नजर बसत नाही, आणि बसल्यावर वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला बघायचं, कारण डोळ्याच्या मधोमध अंधारातलं दिसत नाही. या दुर्बिणीतून बघितलंत की एक डोळा हिरव्या उजेडाने आंधळा होणार. ती खाली ठेवून लगेच जिना उतरू नका.

दारूखाना

इथले लोक विचारतात की असला माल मुंबईत येतो कुठून. आमच्या भागात जहाजं तुटतात. जुनी विक्रांत २०१४ मध्ये इथेच तुटली. जहाजातून ब्रिजवरच्या दुर्बिणी, कंपास, घड्याळं येतात. रायफलवरची रात्रीची दुर्बीण जहाजातून येत नाही.

रणगाड्यांचं वेगळं. सरकारी भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावात निघतं, तिथून सुट्या वस्तू फिरत फिरत कुर्ल्याला, चोरबाजाराला पोचतात. टी-५५ च्या ड्रायव्हरचा टीव्हीएन-२ पेरिस्कोप बघितलाय मी. तो लोक एकदम नाइट व्हिजन स्कोप म्हणून विकतात. पण तो दोन डोळ्यांचा ठोकळा आहे, रणगाड्याच्या छतात बसतो, आणि त्याचा हाय व्होल्टेज डबा वेगळा, जाड तारेने जोडलेला. डबा नसेल तर तो पेपरवेट. शिवाय त्याला पुढचा इन्फ्रारेड हेडलाइट लागतो, त्याच्याशिवाय ड्रायव्हरला बोनेट पण दिसत नाही. हेडलाइटवर काळी काच असते, भंगारवाले ती फुटकी समजून फेकून देतात.

मीनल टिपते

अवांतर, पण थोडंसंच. सोव्हिएत नाइट व्हिजनच्या पुढची भिंगं आम्हा फोटोवाल्यांना फार प्रिय. सायक्लॉप एच३टी-१ नावाचं ८५ मिमी, एफ १.५ चं एक भिंग येतं. हेलिओस-४० चंच रूप, फक्त आत पाकळ्यांचा डायाफ्राम नाही, कारण अंधारात बघायच्या यंत्राला उजेड कमी करायचा कशाला? माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर ते कायम एफ १.५ वरच चालतं. पाठीमागचे दिवे असे गरगरतात की राणीच्या बागेतलं झाड पण देवळातलं वाटतं.

धागाकर्ते, तुमच्या एनएसपीयूचं पुढचं भिंग काढायच्या भानगडीत पडू नका. ते कॅमेऱ्यासाठी नाही, आणि सील उघडलं की आपल्या पावसाळ्यात आत बुरशी बसलीच समजा.

लॅमिंग्टनचा राजू

टीव्ही रिपेअर करत आयुष्य गेलं त्यामुळे माझा प्रतिसाद करंट लागण्यावर.

या नळीत तीन टप्पे एकामागोमाग एक आहेत. पहिल्या टप्प्याचा हिरवा पडदा दुसऱ्याच्या फोटोकॅथोडला चिकटून, दुसऱ्याचा तिसऱ्याला. मध्ये काचेच्या बारीक तंतूंच्या चकत्या, चित्र तसंच्या तसं पुढे नेण्यासाठी. प्रत्येक टप्प्याला साधारण पंधरा हजार व्होल्ट. तीन टप्प्यांचे मिळून किती होतात ते करा हिशोब. जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा ईएचटी, म्हणजे तिचा हाय व्होल्टेज, पंचवीस हजाराच्या आसपास असायचा आणि तो लागला की माणूस खुर्चीसकट मागे जायचा. इथे करंट अगदी कमी असतो, पण हात झटकला जाऊन नळी खाली पडली तर ती गेली, आणि तुम्ही शिडीवर असाल तर तुम्ही पण गेलात.

म्हणून बॅटरी काढल्यावर सुद्धा लगेच खोलायचं नाही. व्होल्टेज वाढवणाऱ्या मल्टिप्लायरचे कपॅसिटर चार्ज धरून बसतात. त्यामुळेच या पहिल्या पिढीच्या दुर्बिणी बटण बंद केल्यावर सुद्धा थोडा वेळ चित्र दाखवत राहतात. नवीन माणसाला वाटतं बटण खराब आहे.

बॅटरी. एनएसपीयूला मूळची पाच निकेल-कॅडमियम चकत्यांची थप्पी, डी-०.५५, सव्वासहा व्होल्ट. ती शोधू नका, मिळाली तरी मेलेली असेल. सहा व्होल्टच्या आसपास काहीतरी बसवून द्या. कोणी नऊ व्होल्टची चौकोनी लावा म्हणेल, त्याचं ऐकू नका. आधी गंजलेली स्प्रिंग व्हिनेगरने साफ करा, नंतर पाण्याच्या ओल्या बोळ्याने, नंतर स्पिरिटने. हिरवा चुरा तोंडाजवळ नेऊ नका, कॅडमियम आहे.

काळा कोट

आता रुचिभंग करतो, माझा व्यवसायच तो.

आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मधली शस्त्राची व्याख्या हत्याराच्या भागांनाही कवेत घेते. रायफलची साइट हा भाग की नुसती वस्तू यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो, आणि तुम्हाला तो युक्तिवाद पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून ऐकायचा नाहीये. दुकानदाराकडून तारीख घातलेली पावती, त्यावर वस्तूचं वर्णन आणि नंबर. स्थानिक ठाण्यात किंवा वकिलाकडे विचारून ठेवा, तेही वस्तू घरी ठेवून, पिशवीत घेऊन नव्हे. कोणत्याही एअर रायफलवर बसवून फोटो टाकू नका, फौजी साहेबांनी सांगितलेला बाण सापडला तर मागच्या तारखेची पावती बनवू नका. चोरीचा माल माहीत असून बाळगणं हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे.

आणि परदेशात मित्राला कुरियर करायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. इमेज इंटेन्सिफायर, म्हणजे असल्या उजेड वाढवणाऱ्या नळ्या, स्कोमेट या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत, परवान्याशिवाय जात नाहीत. वस्तू चाळीस वर्षं जुनी आहे हे कस्टमला सांगून उपयोग नाही.

संपादक

खरेदी-विक्रीचे प्रतिसाद काढले आहेत. "मला देता का" हा प्रश्न व्यक्तिगत निरोपातही विचारू नये.

नवखा मुलुंड

धागा वाचून एक प्रश्न. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत असंच एक आहे पण पाटीवर इंग्रजी आहे. एएन, तिरपी रेघ, पीव्हीएस, मग २. हे काय? महायुद्धातलं का?

भिंगवाला

अहो, तुम्ही हे एवढ्या सहज लिहिताय! एएन-पीव्हीएस-२ म्हणजे अमेरिकेची स्टारलाइट स्कोप. व्हिएतनामच्या काळातली, १९६० च्या दशकातली. एनएसपीयूसारखीच तीन टप्प्यांची, वाढ चार पट, वजन पावणेतीन किलोच्या आसपास.

अमेरिकन अक्षरांना अर्थ असतो. पी म्हणजे उचलून न्यायचं, टी म्हणजे गाडीवरून नेऊन जमिनीवर मांडायचं. दुसरं अक्षर व्ही म्हणजे दृश्य प्रकाश, ए म्हणजे इन्फ्रारेड. म्हणून पीव्हीएस-२ रायफलवरची, टीव्हीएस-२ मशीनगनसारख्या जड हत्यारावरची, आणि पीएएस-४ म्हणजे दिवेवाली इन्फ्रारेड. पीव्हीएस-४ पुढच्या पिढीची, १९७० च्या दशकातली.

पाटीवर आणखी दोन गोष्टी बघा. एक, स्टॉक नंबर. तो ५८५५ ने सुरू व्हायला हवा, तो रात्रीच्या उपकरणांचा वर्ग. नुसत्या ऑप्टिकल साइटचा वर्ग १२४०. नंबर एकूण अकरा अंकी असेल तर पाटी १९७४ च्या आधीची, कारण त्या वर्षी मध्ये देशाचे दोन अंक घालून तो तेरा अंकी केला. तेरा अंकी असेल तर पाचवा-सहावा अंक बघा, ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी. दोन, कॉन्ट्रॅक्ट नंबर, डी-ए ने सुरू होतो. त्यात मध्ये दोन अंक सुटे असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना डॅश, ते कराराचं वर्ष.

तिची बॅटरी बीए-११००, पाऱ्याच्या पाच सेलची, पावणेसात व्होल्ट. आत राहिली असेल तर हातमोजे घालून काढा आणि कचऱ्यात टाकू नका.

नवखा मुलुंड

अकरा अंकी आहे. मधले अंक ६७. आजोबा फौजेत नव्हते, ते बॅलार्ड पिअरला कस्टममध्ये होते.

काळा कोट

त्यांनी ती घरी का आणली हे इथे लिहू नका.

खटपट्या दादरकर

मंडळी, परवा रात्री लाईट गेल्यावर चाचणी घेतली. राजूभाऊंनी सांगितल्याप्रमाणे स्प्रिंग साफ केली, सहा व्होल्टची जोडणी केली. सगळे पडदे ओढले, पुढचं झाकण घातलेलंच ठेवलं. त्या झाकणाला बारीक भोक आहे.

बटण दाबल्यावर आधी कानाशी एक अतिशय बारीक शिटी. मग हिरवा गोल हळूहळू उजळला, मधून कडेला. झाकण काढून खिडकीतून समोरच्या चाळीकडे बघितलं. वाळत घातलेल्या साड्यांच्या किनारी दिसल्या. गच्चीवरच्या टाकीवर बसलेलं मांजर दिसलं, ते पण डोळे लखलखवत माझ्याकडेच बघत होतं. मध्यभागी चित्र कापलेलं, स्वच्छ. कडेला मात्र चाळीचे खांब बाहेर वाकलेले आणि विरघळलेले. खालच्या डावीकडे दोन काळे ठिपके, एक मोठा.

समोरून एक रिक्षा वळली आणि तिच्या हेडलाइटने अख्खं चित्र पांढरं झालं. तो डाग नंतर थोडा वेळ तिथेच राहिला. तेवढ्यात मी बंद केलं. बंद केल्यावरही मांजर दिसत होतं.

शिवाय टीव्हीचा रिमोट दाबून बघितला. मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्याचा दिवा ढळढळीत दिसतो, पण दुर्बिणीत जवळपास काही नाही. सोसायटीच्या गेटवरच्या सीसीटीव्हीचं कडं मात्र, इन्व्हर्टरवर चालू होतं, छान उजळलेलं दिसलं. हे असं का?

भिंगवाला

वा! तुम्ही नकळत नळीची पिढी सिद्ध केलीत.

रिमोटचा दिवा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीला असतो. सीसीटीव्हीचे बहुतेक ८५० ला. तुमच्या दुर्बिणीचा फोटोकॅथोड सोडियम-पोटॅशियम-अँटिमनी-सीझियमचा, त्याला चांदण्याचा अंधूक उजेड छान दिसतो पण इन्फ्रारेडमध्ये ८५०-९०० च्या आसपास तो संपतो. एस-१ वाली जुनी नळी असती तर रिमोट टॉर्चसारखा दिसला असता. पुढच्या वेळी कोणी हिटलरच्या टायमाचं विकायला आला तर खिशात रिमोट ठेवा.

कडेची वाकलेली चाळ हे तीन टप्प्यांच्या नळीचं लक्षण, प्रत्येक टप्पा थोडं वाकवतो. दुसऱ्या पिढीत मायक्रोचॅनल प्लेट असते, त्यात लाखो सूक्ष्म नळ्यांमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, म्हणून एकच टप्पा पुरतो आणि चित्र कडेपर्यंत सरळ राहतं. तिथे नीट बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसते आणि अंधारात चित्र थोडं चमचम करतं. बंद केल्यावर मांजर राहिलं, शिटी वाजली, रिक्षाने डाग पडला, सगळं पहिल्या पिढीचं.

काळे ठिपके. लहान तर बहुधा जन्मापासूनचे, कारखान्यात पास झालेले. मोठा कोणीतरी तीव्र उजेडाकडे रोखून ठेवल्याचा असू शकतो. तो वाढत नाही ना एवढं बघा. आणि शक्य तोवर झाकण घालूनच चालू करत जा.

फौजी (निवृत्त)

८१ सालचं यंत्र आजही चाळीतल्या साडीच्या किनारी दाखवतं म्हणजे कमाल आहे. आपल्याकडे पुण्यात भोसरीला या नळ्या बनायला लागल्या त्या पुढे, १९९० मध्ये बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) डच डेल्फ्ट कंपनीबरोबर कंपनी काढली तेव्हापासून. तोवर सगळं बाहेरून.

मीनल टिपते

दादरकर, साठवायचं कसं ते ऐका. लेदरच्या पिशवीत अजिबात नको, लेदर ओल धरतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि डब्यात एक स्वस्त आर्द्रतामापक. आकडा पन्नासच्या खाली ठेवा, फार कोरडंही नको, नाहीतर रबर अजून तडकेल. जूनच्या आधी करा.

खटपट्या दादरकर

केलं. पावती पण मागून घेतली. दुकानदाराने त्यावर "जुनी दुर्बीण, जर्मन" असं लिहून दिलंय. खोडून रशियन लिहा म्हटलं तर म्हणतो, रशियनला एवढे पैसे कोण देतं?

काळा कोट

नंबर लिहिलाय ना त्यावर? मग राहू द्या जर्मन.

नवखा मुलुंड

भिंगवाला साहेब, आजोबांच्या त्याच ट्रंकेत अजून एक आहे, लहान, पाटीवर ५८५५-९९ ने सुरू होणारा तेरा अंकी नंबर.

भिंगवाला

ब्रिटिश पाटी. पाटीचा फोटो काढा, शेवटचे आकडे झाकून नवा धागा काढा. मी संध्याकाळी सहानंतर आहेच.